घर मिळालं, पण बाथरूममध्ये जाता येईना! सरकारी घरात दिव्यांगांना 'वाजवी सोय' कशी मागता येते?

माझ्या मावशीला झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळालं, तेव्हा आम्ही सगळे पेढे घेऊन गेलो होतो. सातवा मजला, स्वतःचा नळ, स्वतःचं संडास-बाथरूम. मावशीला लहानपणी पोलिओ झालाय, ती व्हीलचेअर वापरते. घर बघून झाल्यावर ती बाथरूमकडे वळली आणि दारातच अडकली. व्हीलचेअर २६ इंच रुंद, दार २४ इंच.

त्या दोन इंचांवर तोडगा काय निघाला? भावाने दाराची चौकट काढून टाकली आणि तिथे पडदा लावला. आज ६१ वर्षांची बाई पडद्याआड आंघोळ करते. लिफ्ट बंद पडली की ती सातव्या मजल्यावरच अडकते. दवाखान्याची तारीख चुकते.

"खालचा मजला मिळेल का?" असं भावाने तेव्हा विचारलं होतं. "सोडत झाली, आता काही होत नाही," असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. खरं तर त्याने सोडतीच्या आधी, तेही लेखी, विचारायला हवं होतं. नियमही त्याच्या बाजूने होता. पण असा काही नियम आहे, हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही नाही. ही बातमी करायला घेतल्यावर कळलं.

आरक्षण वेगळं आणि सोय वेगळी

सरकारी घर आणि दिव्यांग असं म्हटलं की आपल्याकडे चर्चा आरक्षणापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. किती टक्के, कुठलं प्रमाणपत्र, सोडतीत नंबर लागला का.

आरक्षण हवंच. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' या कायद्याचं कलम ३७ सांगतं, की सरकारने घरवाटपाच्या योजनांमध्ये दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण ठेवावं आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यावं. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मात्र या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे कायद्यात ५ टक्के लिहिलंय म्हणून प्रत्येक योजनेच्या जाहिरातीत ते आपोआप उतरतं असं नाही. योजनेची माहितीपुस्तिका उघडून आकडा स्वतः तपासावा लागतो.

पण आरक्षणातून मिळतं ते फक्त घर. त्या घरात तुम्हाला राहता येईल का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. सोडतीचा अर्ज तुमचा प्रवर्ग विचारतो, उत्पन्न विचारतो, तुमच्या व्हीलचेअरची रुंदी विचारत नाही. अंध माणसाला लिफ्टमध्ये बोलून मजला सांगणारी यंत्रणा लागेल का, कर्णबधिर जोडप्याला दारावरच्या बेलऐवजी लुकलुकणारा दिवा लागेल का, हे त्या अर्जात कुठेच येत नाही.

त्यासाठी कायद्यात दुसरी तरतूद आहे. इंग्रजीत तिला 'रीझनेबल अकॉमोडेशन' म्हणतात. आपण 'वाजवी सोय' म्हणू.

वाजवी सोय म्हणजे नेमकं काय?

कायद्याच्या कलम २ मध्ये तिची व्याख्या आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून एखाद्या ठरावीक प्रसंगात केलेला गरजेचा आणि योग्य असा बदल. अट एकच, समोरच्यावर अवाजवी बोजा पडू नये.

ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातून आपल्या कायद्यात आली. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. कायद्याची खरी धार मात्र भेदभावाच्या व्याख्येत आहे. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही खालचा मजला मागता तेव्हा मेहेरबानी मागत नसता.

आणखी एक मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट नाही. २०२१ मध्ये 'विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला गोळे यायचे आणि परीक्षेत लेखनिक हवा होता. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून तो नाकारला गेला. कोर्टाने सांगितलं की ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोयीचा हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही आणि प्रत्येक माणसाची गरज स्वतंत्रपणे बघायला हवी. खटला परीक्षेचा असला तरी व्याख्या तीच आहे. त्यामुळे कुणाचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं असेल आणि जिने चढणं अशक्य असेल, तर आरक्षणातून घर मिळणार नाही, पण सर्वसाधारण प्रवर्गातून मिळालेल्या घरासाठी तळमजला मागता येईल.

मागणी कुणाकडे करायची? केंद्र-राज्य सरकार, कायद्याने स्थापन झालेली प्राधिकरणं, सरकारी मालकीच्या कंपन्या आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे सगळे या कायद्यात 'सरकारी आस्थापना' ठरतात. म्हणजे म्हाडा, सिडको, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, महापालिका, ग्रामपंचायत, सगळेच.

कुठल्या योजनेत काय लिहिलंय?

सुरुवात मावशीच्या योजनेपासून करू. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन ज्या नियमाने होतं तो म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीतला ३३ (१०). आजच्या नियमावलीप्रमाणे या योजनेत ३०० चौरस फुटांचं, म्हणजे २७.८८ चौरस मीटरचं घर मिळतं, हे मुंबईत बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच नियमात पुढे एक छोटं वाक्य आहे. पुनर्वसनातल्या घरांचं वाटप करताना दिव्यांग व्यक्ती असलेल्या आणि महिला कुटुंबप्रमुख असलेल्या कुटुंबांना पहिलं प्राधान्य द्यायचं आणि त्यानंतर उरलेल्या घरांसाठी बाकीच्या पात्र झोपडीधारकांमध्ये सोडत काढायची.

क्रम पुन्हा वाचा. आधी दिव्यांगांचं कुटुंब, मग सोडत. मावशीच्या इमारतीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात गेल्या आणि कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेता येते हेच कुणाला माहीत नव्हतं. पुनर्वसनाचं घर काही वर्षं विकताही येत नाही. त्यामुळे चुकीचा मजला एकदा गळ्यात पडला की 'हे विकून दुसरीकडे जाऊ' हा मार्गही बंद होतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात हाच विचार थोड्या मवाळ शब्दांत आहे. दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजल्यावर किंवा खालच्या मजल्यावर घर द्यावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. हा 'शक्यतो' शब्द अधिकाऱ्याला पळवाट देतो. पण तुम्ही लेखी मागणी केली असेल, तर ते का शक्य झालं नाही हे त्याला सांगावं लागतं.

म्हाडाच्या सोडतीत दिव्यांगांसाठी वेगळा प्रवर्ग असतो. तिथे फॉर्म भरताना योजनेची निवड हीच पहिली गाळणी समजा. इमारत किती मजली आहे, लिफ्ट किती आहेत, बांधून झालीय की अजून काम चालू आहे, हे अनामत रक्कम भरण्याआधी बघा. काम चालू असेल तर ते तुमच्या फायद्याचं, कारण दार रुंद करायला भिंत फोडावी लागत नाही. सोडतीत नाव आलं की देकार पत्राची वाट न बघता मंडळाकडे अर्ज द्या.

गावाकडचं गणित वेगळं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर लाभार्थी स्वतः बांधतो. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. इथे मजल्याचा प्रश्नच नाही आणि नकाशा तुमच्या हातात असतो. जोत्याची उंची कमी ठेवणं, पायरीऐवजी उतार करणं, दार ३ फुटी घेणं, हे पाया खणतानाच गवंड्याला सांगितलं तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर तोडफोड करायची तर वाढतो. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. घरासमोरचा उतार किंवा संडासातली पकडदांडी त्यातून होईल का, हे ग्रामसभेत विचारा. तो निधी वर्षाअखेरीस कशावर खर्च झाला हेही विचारा. माझ्या अनुभवात या दुसऱ्या प्रश्नाने सभा जास्त गंभीर होते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांच्या वाटपात दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण ठेवण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये जाहीर झाला. तो फक्त नोकरीतल्यांपुरता आहे, एवढं लक्षात ठेवा.

अर्ज कसा लिहायचा?

वाजवी सोयीची ही कल्पना सरकारी घरांच्या बाबतीत अमेरिकेत बरीच जुनी आहे. तिथला १९७३ चा पुनर्वसन कायदा सरकारी पैशावर चालणाऱ्या योजनांना लागू होतो आणि १९८८ पासून घरांविषयीच्या भेदभावविरोधी कायद्यातही दिव्यांगत्व आलं. तिथे सरकारी घरातला भाडेकरू अशी मागणी कधीही करू शकतो, अगदी तोंडीसुद्धा. मागण्याही नुसत्या मजल्यापुरत्या नसतात. पाळीव प्राण्यांना बंदी असलेल्या इमारतीत मदतनीस कुत्रा ठेवणं, सोबत राहून सेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी जादा खोली, दिव्यांग भत्ता ज्या तारखेला जमा होतो त्याप्रमाणे भाड्याची तारीख बदलणं, असं बरंच काही त्यात येतं.

आपल्याकडे तोंडी मागणीचं काय होतं, ते भावाच्या अनुभवावरून कळलंच. म्हणून लेखी. कोऱ्या कागदावर, मराठीत चालेल. वकील नको. अर्जात आजाराचा इतिहास लिहायची गरज नसते. अडचण काय आणि बदल कोणता, एवढंच नेमकं लिहा. उदाहरणार्थ असं:

"मी आपल्या अमुक योजनेतील पात्र लाभार्थी असून व्हीलचेअर वापरते. माझ्या व्हीलचेअरची रुंदी २६ इंच आहे. मला जिना वापरता येत नाही. तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीच्या तरतुदीनुसार मला तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घर द्यावे, तसेच संडास-बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर करून द्यावी, ही विनंती. ही मागणी मान्य करता येत नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत."

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण हातात असेल तर पुढच्या पायरीवर भांडता येतं. '९०० मिलिमीटर' हा आकडा मी मनाने घातलेला नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आणि केंद्राच्या सुगम्यतेच्या निकषांत दाराची मोकळी रुंदी तेवढी धरली आहे. उताराचं प्रमाण १ : १२, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबीचा रॅम्प. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. हे आकडे अर्जात असले की 'बघू' म्हणणं जरा अवघड जातं.

सोबत युडीआयडी कार्डाची किंवा दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा. अडचण प्रमाणपत्रावरून कळत नसेल (दम लागणं, तोल जाणं, सांध्यांचा त्रास), तर डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून चार ओळींचं पत्र घ्या. घराचा ताबा आधीच मिळाला असेल तर अडचणीच्या जागेचा मोजपट्टी लावलेला फोटो जोडा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. खिडकीवर कुणी "राहू द्या ताई, आम्ही बघतो" म्हणालं तरी शिक्का घ्याच.

'नाही' म्हणाले तर?

प्रत्येक नकार बेकायदा नसतो. अवाजवी बोजा ही मर्यादा कायद्यातच आहे. बांधून झालेल्या सात मजली इमारतीला केवळ एका घरासाठी नवी लिफ्ट बसवा, ही मागणी टिकणं कठीण. पण खालच्या मजल्यावरचं रिकामं घर बदलून देणं, दार रुंद करू देणं, जिन्याला कठडा लावणं, पत्रव्यवहार ब्रेलमध्ये किंवा ईमेलवर करणं, हा बोजा आहे असं म्हणायला कारण लागेल. पहिली मागणी खरंच जड असेल तर अधिकाऱ्याशी बसून दुसरा पर्याय काढता येतो. तुम्हीच दोन पर्याय लिहून दिलेत तर उत्तमच.

उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचं एवढंच: या योजनेत तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर किती घरं आहेत, ती कुठल्या क्रमाने वाटली, त्यातली दिव्यांग कुटुंबांना किती गेली, रिकामी किती आहेत. या माहितीशिवाय 'खालचं घर शिल्लक नाही' हे उत्तर खोडता येत नाही.

त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर तीन महिन्यांत त्यावर काय केलं हे कळवणं त्या प्राधिकरणाला बंधनकारक आहे. शिफारस मानायची नसेल तर कारण द्यावं लागतं आणि ते तक्रारदारालाही सांगावं लागतं. पण ती शेवटी शिफारसच, कोर्टाचा हुकूम नाही. तिथेही अडलं तर हायकोर्ट उरतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वकिलाचा खर्च हे अनेकांचं थांबण्याचं कारण असतं. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जायचं किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करायचा.

आणि इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांचं काय?

घर सोयीचं झालं तरी इमारतीच्या तोंडाशी चार पायऱ्या असतील तर उपयोग काय? नव्या इमारतींसाठी कायद्याचं कलम ४४ कडक आहे. सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकाम परवानगी नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रही नाही. मात्र ते नियमच बरीच वर्षं ढिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी 'राजीव रतुरी' खटल्यात सुप्रीम कोर्टाने यावरच बोट ठेवलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन. त्यांची याचिका २००५ पासूनची. नियमांनी दिलेली मानकं केवळ शिफारशींसारखी आहेत, कायद्याला मात्र सक्तीची मानकं अपेक्षित आहेत, असं म्हणत कोर्टाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीची मानकं तयार करायला सांगितलं.

जुन्या इमारतींचं कलम वेगळं आहे. ते 'सार्वजनिक इमारतीं'बद्दल बोलतं आणि त्या व्याख्येत राहत्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख नाही. ही कायद्यातली खरी उणीव आहे. सरकारी योजनेतली इमारत एकदा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या ताब्यात गेली, की रॅम्पचा निर्णय सोसायटीच्या कमिटीकडे जातो आणि 'पार्किंगची जागा जाते' हे कारण तिथे सर्वांत लवकर पुढे येतं. अशा वेळी कमिटीला लेखी पत्र, सर्वसाधारण सभेत विषय, नाहीतर उपनिबंधकांकडे आणि दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, असं जावं लागतं. त्यापेक्षा ताबा घेण्याआधी, इमारत प्राधिकरणाच्या आणि विकासकाच्या हातात असतानाच रॅम्प मागणं कितीतरी सोपं.

मावशीने गेल्या महिन्यात अर्ज दिला. दोन मागण्या आहेत: इमारतीत तळमजल्यावर एक घर वाटपाविना पडून आहे, ते बदलून मिळावं आणि ते होईपर्यंत बाथरूमचं दार रुंद करायची परवानगी मिळावी. प्रतीवर आवक क्रमांक आहे. उत्तर अजून आलेलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय.